नावाचा भाव आणि उरलेली वर्षे

अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल संघ आपसांत खेळाडूंची अदलाबदल करतात. या सौद्यात रोख रकमेवर मर्यादा असते. खेळाडूच्या बदल्यात खेळाडू द्यायचा, किंवा दरवर्षीच्या नवोदितांच्या निवडीतला आपला हक्क. मग भाव ठरवायचा कसा? आमच्या मते खेळाइतकेच वय, पगार आणि कराराची उरलेली वर्षे पाहावीत.

२०१३ साली ब्रुकलिन नेट्सने बोस्टन सेल्टिक्सकडून केविन गार्नेट व पॉल पियर्स घेतले. नावे मोठी, पण वये ३७ आणि ३५. बदल्यात नेट्सने २०१४, २०१६ व २०१८ चे पहिल्या फेरीचे हक्क दिले. शिवाय २०१७ चा हक्क बदलून घेण्याची मुभाही दिली. पियर्स एकाच हंगामानंतर गेला, गार्नेट फेब्रुवारी २०१५ मध्ये.

या निवडीत दुबळ्या संघांना आधीची पाळी मिळण्याची शक्यता जास्त. म्हणजे नेट्सने लिहून दिलेली हुंडी अशी, की दुकान जितके बसेल तितकी तिची रक्कम वाढेल! २०१६-१७ मध्ये नेट्सने ८२ पैकी २० सामने जिंकले. बोस्टनला २०१६ च्या हक्कातून जेलन ब्राउन मिळाला, २०१७ च्या हक्काचा पुढे सौदा करून जेसन टेटम. २०२४ च्या विजेत्या बोस्टन संघाचे हे दोघे आधारस्तंभ होते.

व्यापारी बांधवांनो, माल घेताना त्याने काल किती कमावले यापेक्षा आपल्याकडे किती कमावेल ते मोजा. आणि हुंडीवर सही करताना आपले वाईट वर्ष डोळ्यांसमोर ठेवा.