क्षयोपचार आणि मोबाईलची हजेरी

क्षय हा रोग आपल्या वाङ्मयास अपरिचित नाही. आयुर्वेदाने त्यास राजयक्ष्मा म्हटले, आणि पुराणकारांनी तो दक्षाच्या शापाने प्रत्यक्ष चंद्रास जडविला. रॉबर्ट कॉख याने २४ मार्च १८८२ रोजी त्याचे जंतू सापडल्याचे जाहीर केले, आणि पुढील शतकात त्यावर हुकमी औषधेही निघाली. असे असता माणसे अद्याप या रोगाने का दगावतात, असा प्रश्न कोणासही पडेल. त्याच्या उत्तराचा एक मोठा भाग औषधाच्या गुणात नसून ते घेण्याच्या नियमितपणात आहे. साध्या क्षयाचा उपचारही सहा महिन्यांचा. थोड्याच आठवड्यांत ताप उतरतो, अन्न गोड लागू लागते, आणि रोग्यास वाटते की आपण बरे झालो. तो गोळ्या सोडतो. उरलेले जंतू पुन्हा माजतात आणि कित्येकदा त्याच औषधांना दाद देईनासे होतात.

मद्रास येथे १९५६ साली सुरू झालेल्या प्रसिद्ध प्रयोगाने असे दाखविले की, रोग्यास आरोग्यधामात न ठेवता घरीच औषध दिले तरी गुण जवळजवळ तितकाच येतो, आणि घरच्या माणसांना त्यामुळे अधिक लागण होत नाही. गरीब देशास हा केवढा दिलासा! परंतु त्यातूनच नवी अडचण उभी राहिली. घरी असलेला रोगी गोळी घेतो की नाही, हे पाहावे कोणी? त्या प्रयोगाचे एक प्रमुख डॉ. वॉलेस फॉक्स यांना ही चिंता तेव्हाच लागली होती. पुढे ‘डॉट्स’ पद्धती आली, तीत कोणी तरी समक्ष उभे राहून गोळी गिळविते. आठवड्यातून तीन वेळा हे कसेबसे निभत असे. २०१७ पासून देशभर रोजचे औषध सुरू झाले, तेव्हा आमच्या बडोद्यातील मकरपुऱ्याच्या कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या कामगाराने रोज केंद्रावर जावे कसे, आणि गेल्यास त्याची मजुरी कोणी भरून द्यावी?

या अडचणीवर बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट संशोधन संस्थेत बिल थीस व त्यांचे सहकारी यांनी एक युक्ती काढली. तिचे नाव ‘९९डॉट्स’. तिच्यात यंत्र असे काही नाही, हेच आम्हांस विशेष वाटते. गोळ्यांच्या पाकिटास पुठ्ठ्याचे एक वेष्टन घालतात. गोळी दाबून बाहेर काढली की तिच्या मागे दडलेला दूरध्वनी-क्रमांक दिसतो. रोग्याने त्यावर आपल्या मोबाईलवरून फुकट मिस्ड कॉल द्यावा, की त्या दिवसाची नोंद आपोआप होते. कोणत्या गोळीमागे कोणता क्रमांक, हे रोग्यास आधी कळत नाही; म्हणून पाकीट न फोडता खोटी हजेरी लावणे कठीण. कॉल आला नाही तर आरोग्यसेवकास कळते, आणि त्याने विचारपूस करावी अशी योजना असते. महागडा फोन लागत नाही, अक्षरओळखही बेताची पुरते.

तथापि हजेरी आणि अध्ययन यांतील अंतर शिक्षकास सांगावयास नको. वर्गात ‘हजर’ म्हणणारा विद्यार्थी मनानेही तेथेच असतो असे थोडेच आहे! डॉ. रामनाथ सुब्बरामन, चेन्नईच्या राष्ट्रीय क्षय संशोधन संस्थेतील डॉ. बीना थॉमस व त्यांचे सहकारी यांनी नेमकी हीच शंका तपासून पाहिली. चेन्नई, वेल्लोर आणि मुंबई येथील, क्षयाबरोबर एच.आय.व्ही.चीही बाधा असलेल्या रोग्यांच्या घरी न कळविता जाऊन त्यांनी लघवीत औषधाचा अंश आहे काय ते पाहिले, आणि त्याचा दूरध्वनीच्या नोंदींशी ताळा घातला. २०२० साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष या युक्तीस फारसा अनुकूल नव्हता. गोळी घेऊनही कॉल न करणारे पुष्कळ होते. कॉल करूनही औषधाचा अंश न सापडलेलेही होते.

कारणे माणसांच्या संसारातली आहेत. घरात फोन एकच, आणि तो कर्त्या पुरुषाच्या खिशात. बायकोने तो मागावा तर कशासाठी, हे सांगावे लागते. कोठे सिग्नल नाही, कोणास आकडे वाचता येत नाहीत. रोग लपविणाऱ्यास तर ते वेष्टनच चुगलखोर वाटते. याउलट, जेथे आरोग्यसेवक आपुलकीने बोलतो तेथे ही पद्धत रोग्यांस आवडल्याचेही याच मंडळींच्या अभ्यासात दिसून आले.

आणखी एक गोष्ट आमच्या वाचकांच्या जिव्हाळ्याची आहे, ती शब्दांची. क्षयाची तपासणी व्हावयाची असलेल्या माणसास इंग्रजीत पूर्वी ‘सस्पेक्ट’, म्हणजे संशयित, आणि औषध सोडणाऱ्यास ‘डिफॉल्टर’ म्हणत. पहिला शब्द पोलीसचौकीतला, दुसरा सावकाराच्या पेढीवरचा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली हे दोन्ही शब्द काढून टाकले. दुसऱ्याच्या जागी आलेल्या शब्दाचा अर्थ, ज्याचा आपल्याला मागोवा राहिला नाही असा रोगी. या नव्या शब्दप्रयोगात ठपका रोग्यावर राहत नाही. मराठीत मात्र ‘संशयित रुग्ण’ अजून सर्रास छापले जाते.