‘आता तू कोणाला सांगशील?’

जो ॲन रॉबिन्सन या कृष्णवर्णीय प्राध्यापिकेने 1955च्या डिसेंबरात रात्रभर जागून, वर्णभेद पाळणाऱ्या बसवरच्या बहिष्काराची हजारो पत्रकं सायक्लोस्टाइल केली आणि सकाळी शाळाशाळांतून वाटली, हे वाचल्यापासून मला अलाबामातलं मॉन्टगोमेरी बघायचं होतं. तसे हात आज काय करतात, तेही.

तिथे एका कार्यकर्तीबरोबर वस्तीत हिंडले. साठी उलटलेली, गुडघे धरलेले, हातात वही. दार वाजवायचं आणि कधीकाळी शिक्षा भोगलेल्यांना विचारायचं, मतदार यादीत नाव आहे का? शिक्षा झाली म्हणजे मत गेलं, अशी सर्रास समजूत. अलाबामात ‘नैतिक अधःपतना’च्या गुन्ह्यासाठी मताधिकार जातो, पण असे गुन्हे कोणते, याची यादी कायद्यात आली थेट 2017मध्ये. तोवर नोंदणी अधिकारी म्हणेल ते खरं. यादी आल्यावर कित्येकांचा हक्क शाबूत असल्याचं स्पष्ट झालं, पण त्यांना तसं कळवायची जबाबदारी राज्याने घेतली नाही. मला ही नुसती बेफिकिरी वाटत नाही.

एका ओसरीवर चाळिशीचा माणूस अर्ज घेऊन नुसताच उभा राहिला. “बाई, तुम्हीच भरा ना.” बाईंनी पेन त्याच्यापुढे धरलं. पत्त्याच्या रकान्यात त्याची खाडाखोड झाली, त्याने नवा अर्ज मागितला. बाई पायरीवर बसून राहिल्या. सही झाल्यावर म्हणाल्या, “आता तू कोणाला सांगशील?” मेहुण्याला, तो म्हणाला. ते नाव त्यांनी त्याच्याच हाताने वहीत लिहून घेतलं.

तुम्ही भरला असतात तर तेवढ्यात आणखी दोन-तीन घरं झाली असती, असं मी म्हटलं.

“381 दिवस,” त्या म्हणाल्या.

381 दिवस बहिष्कार चालला. एकट्या मार्टिन लूथर किंगच्या भाषणांवर तो इतका टिकला नसता. माणसांना कामावर पोचवणाऱ्या मोटारी रोज कोणीतरी ठरवत होतं. जॉर्जिया गिलमोर या स्वयंपाकिणीची किंगच्या खटल्यात साक्ष दिल्यावर नोकरी गेली. तिने घरी रांधून, विकून आंदोलनाला पैसे पुरवले. नागरी हक्क चळवळीतल्या एला बेकरने 1960मध्ये रॅले शहरात विद्यार्थ्यांना एकत्र बोलावलं, तेव्हा मोठ्यांच्या संघटनेची शाखा होऊ नका, तुमचं तुम्ही ठरवा, असंच सुचवलं. बाई त्याच वाटेने चालल्या आहेत आणि मला ती पटते. अर्ज भरून देणारा उपकार करतो. भरायला बसवणारा शेजाऱ्याला कार्यकर्ता करतो.

मेहुण्याच्या दारी बाई जाणार नाहीत. तो माणूस जाईल. बाई गुरुवारी फोन करून विचारतील, गेलास का?