स्तरसंमीलन, प्रतिमांचे
संगणकीय प्रतिमासंपादनात एकमेकांवर आलेल्या अर्धपारदर्शक स्तरांपासून एकच प्रतिमा तयार करण्याची क्रिया. वरच्या स्तराच्या रंगमूल्यास त्याच्या अपारदर्शकतेने व खालच्यास उरलेल्या अंशाने गुणून बेरीज करतात. त्यामुळे ५० टक्के अपारदर्शकतेचे दोन स्तर जेथे एकमेकांवर येतात, तेथे ती १०० नव्हे, तर ७५ टक्के होते. हा भाग गडद नको असल्यास स्तर प्रथम अपारदर्शक ठेवून एकत्र करतात व नंतर एकत्रित स्तराची अपारदर्शकता कमी करतात. या गणिताची पद्धतशीर मांडणी टॉमस पोर्टर व टॉम डफ यांनी १९८४ मध्ये केली.

ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या वनव्याप्त तालुक्यांत वन हक्क अधिनियम, २००६ खालील दाव्यांत १३ डिसेंबर २००५ रोजीचा जमिनीचा ताबा महत्त्वाचा ठरतो. त्या सुमाराच्या उपग्रह-प्रतिमेवर वनक्षेत्र व कसलेली जमीन यांचे अर्धपारदर्शक स्तर ठेवल्यास वनातील शेती गडद दिसते. मात्र संमीलनानंतर चुकलेली सीमारेषा स्वतंत्रपणे सरकविता येत नाही आणि चूक दावेदाराच्या पदरी पडू शकते. म्हणून मूळ स्तर वेगळे जतन करून संमीलन प्रतीवरच करणे इष्ट असते.