संगणक नवा, सवयी जुन्याच!

माहूर : येथून शंभराहून अधिक किलोमीटरवरील नांदेडला अभियांत्रिकी शिकण्यास जाणाऱ्या विद्यार्थ्याचे काम एकाच संगणकावर भागत नाही. घरी एक, महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत दुसरा आणि पुढे पुण्यात नोकरी लागली की तिसरा. लिनक्सच्या कमांड लाइनवर काम करणाऱ्यास अशा वेळी एक अडचण हमखास जाणवते. वर्षानुवर्षे जमविलेल्या सोयी नव्या यंत्रावर नसतात.

या सोयी ‘डॉट फाइल्स’मध्ये साठविलेल्या असतात. बॅश शेलमधील आज्ञांची लघुरूपे ‘.बॅशआरसी’त, तर विम संपादकाविषयीच्या आवडीनिवडी ‘.विमआरसी’त. नावाच्या आरंभी टिंब असल्याने ‘एलएस’ ही आज्ञा त्यांना यादीत दाखवीत नाही. युनिक्सच्या बेल लॅब्जमधील चमूत काम केलेले रॉब पाइक यांनी २०१२ मध्ये सांगितल्याप्रमाणे ही सोय कोणी ठरवून केलेली नव्हती. चालू व वरची डिरेक्टरी दर्शविणारी एक आणि दोन टिंबे लपविण्यासाठी केवळ पहिले अक्षर तपासले गेले आणि त्या पळवाटेचीच रूढी झाली.

या फाइल्स पेन ड्राइव्हवरून नेता येतात. परंतु नांदेडला केलेला बदल माहूरच्या संगणकाला ठाऊक नसतो. ताज्या फाइलवर जुनी प्रत चढली, की मेहनत वाया जाते.

यावरील रूढ उपाय म्हणजे सर्व फाइल्स एका डिरेक्टरीत ठेवून ती ‘गिट’च्या हवाली करणे. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये निर्माण केलेली ही प्रणाली प्रत्येक बदलाची तारीखवार नोंद ठेवते. इंटरनेट नसले तरी नोंद होते. जोडणी मिळताच ती अन्य संगणकांवर पोचविता येते. फाइलच्या मूळ जागी केवळ सिम्बॉलिक लिंक ठेवावी लागते. ‘जीएनयू स्टो’ हे साधन अशा सर्व लिंक एका आज्ञेत तयार करते. एखाद्या यंत्रापुरता वेगळा भाग असेल, तर तो निराळ्या फाइलमध्ये ठेवून मुख्य फाइलमधून वाचण्याची तजवीज करावी.

खरा धोका मात्र गुपितांचा आहे. एसएसएचची खासगी किल्ली किंवा पासवर्ड अनवधानाने सार्वजनिक भांडारात गेला, तर नंतर फाइल पुसूनही तो जुन्या नोंदींत शिल्लक राहतो. अशा वेळी पासवर्ड तत्काळ बदलणे आणि नवी किल्ली तयार करणे हाच मार्ग उरतो. गिटहबने जानेवारी २०१९ पासून खासगी भांडारे विनामूल्य दिली असली, तरी गुपिते त्यांतही ठेवू नयेत.

प्रयोगशाळेतील सामायिक संगणकावर तर खासगी किल्ली नेऊच नये. सवयी सर्वत्र न्याव्यात. किल्ली मात्र ज्याची त्याच्याच यंत्रावर राहू द्यावी.