चौकट : बर्फातला तारपा, घरच्या साच्यातून

बेटेगाव-बोईसर परिसर वारली कलेचा. त्यातला तारपा (फुंकून वाजवायचे वाद्य) बर्फात उतरवायचा असेल, तर सिलिकॉनचा साचा घरीही होतो.

• सिलिकॉन : डब्यावर ‘फूड-ग्रेड, प्लॅटिनम-क्युअर’ लिहिलेले, दोन भागांचेच घ्या. न्हाणीघराच्या फटी बुजवायचे किंवा कारखान्यातले उरलेले, बिनलेबलचे सिलिकॉन नको.

• नमुना : ज्यावर सिलिकॉन ओतायचे, तो तारप्याचा नमुना कोरडा, गुळगुळीत हवा. गंधकयुक्त शिल्पमाती किंवा लॅटेक्सचे हातमोजे लागले, तर सिलिकॉन चिकटच राहते.

• ओतणे : नमुना डब्याच्या तळाला पक्का चिकटवा. चारही बाजूंना व वर सुमारे १ सेंमी जागा ठेवा. दोन्ही भाग डब्यावरच्या प्रमाणातच मिसळा. एका कोपऱ्यातून बारीक धारेने ओता, म्हणजे हवेचे बुडबुडे कमी होतात. पूर्ण घट्ट झाल्यावरच नमुना काढा आणि साचा साबणाने धुवा.

• बर्फ : पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते, म्हणून साचा काठोकाठ भरू नका. बर्फ काढताना साचा मिनिटभर साध्या पाण्यात धरा.

सरबतात जाणाऱ्या बर्फासाठी पिण्याचेच पाणी वापरा.