पाळणाघराचा बोर्ड रंगवण्याआधी जागेचं बघा



घरात पाळणाघर सुरू करायचं ठरलं की पहिली धाव असते उद्यम नोंदणीकडे. आधार नंबर टाकला, फुकटात सर्टिफिकेट आलं, फ्रेम करून भिंतीवर लावलं. झालं का काम? नाही ताई! तुमचा व्यवसाय आहे एवढंच उद्यम सांगतं. तो या घरात चालेल का, हे सांगत नाही. आणि शेजाऱ्याने तक्रार केली की पहिला प्रश्न तोच येतो. तुमच्याकडे दहा मुलं असतील, तर दहा आयांची नोकरी त्या उत्तरावर अवलंबून असते. म्हणून आधी जागा, मग कागद, रंगरंगोटी शेवटी.

1. हद्द बघा. सांगली, मिरज आणि कुपवाडची मिळून एक महापालिका आहे. साताऱ्यात नगरपालिका. 2020 च्या हद्दवाढीत शाहूपुरी, विलासपूर शहरात आले. तिथे ग्रामपंचायतीच्या जुन्या कागदावर विसंबू नका, पालिकेत जा.

2. नगररचना विभागाला लेखी विचारा. 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत रहिवासी भागात घरगुती व्यवसायाला मुभा आहे. पण तो घरच्यांनीच करायचा, पगारी माणूस न ठेवता. मदतीला मावशी ठेवली की मामला बदलतो. म्हणून मुलं किती, मदतनीस किती, कोणती खोली, सगळं अर्जात लिहा आणि पोच घ्या. फ्लॅट असेल तर सोसायटीचं ना-हरकत पत्रही घ्या.

3. खोली मोजा. कंपन्यांच्या पाळणाघरांसाठी केंद्राच्या 2018 च्या सूचना आहेत : एका मुलामागे 10 ते 12 चौरस फूट जागा. तुमच्या घराला त्या लागू नाहीत, पण मोजमाप म्हणून उत्तम. 12 बाय 10 ची खोली म्हणजे 120 चौरस फूट, जास्तीत जास्त दहा ते बारा मुलं. कपाट, पाळणे ठेवले की त्याहून कमी. "अजून एक घेऊ की" हा मोह टाळा.

4. सांगलीकरांनो, पूर आठवा. 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं होतं. पूरपट्ट्यात तळमजल्यावर तान्ही मुलं नकोत. शक्य असेल तर दुसरी जागा बघा.

5. आता कागद. दुकाने व आस्थापना कायदा, 2017 नुसार मोजकेच कामगार असतील तर ऑनलाइन सूचना देणं पुरतं. विजेचंही बघून घ्या. घराच्या एका भागात व्यवसाय असला, तरी वापर महिन्याला 300 आणि वर्षाला 3,600 युनिटच्या आत असेल तर महावितरणचा घरगुती दर मिळतो. दुपारभर एसी लावणार असाल तर आधीच हिशेब मांडा, कारण मर्यादा ओलांडली की बिलाचा दर बदलतो आणि तुमची फी कमी पडते.

या आठवड्यात एकच काम करा : नगररचनेला अर्ज द्या, पोच फाइलला लावा. बोर्ड काय, नंतरही रंगवता येतो!