लॅक्रॉस: काठी कोणाची, चेंडू कोणाच्या कामाचा?

ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईत आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे अधिवेशन भरले होते. 16 तारखेला तेथे 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकसाठी पाच खेळांना मंजुरी मिळाली. त्यात क्रिकेट होते, त्यामुळे आपल्याकडे बोलबाला झाला तो क्रिकेटचाच. त्याच यादीत लॅक्रॉस नावाचा आणखी एक खेळ होता. त्याची चौकशी फारशी कोणी केली नाही.

खेळ असा. हातात एक लांब काठी, तिच्या टोकाला जाळीची लहानशी झोळी. त्या झोळीत भरीव रबरी चेंडू झेलायचा, काठी डोलवत पळत सुटायचे, साथीदाराकडे फेकायचा आणि संधी मिळाली की समोरच्या गोलात मारायचा. चेंडू हाताने धरायचा नाही. ऑलिम्पिकमध्ये सहा-सहा खेळाडूंचा प्रकार खेळला जाणार असे ठरले.

या खेळाच्या सामानाची माहिती कुटुंबाच्या पानावर कशाला, असे कोणी विचारील. आपल्यातील काही घरांतील लेकी-सुना, मुले आता अमेरिकेत आणि कॅनडात नोकरीनिमित्त राहतात. तेथील शाळेतून नातवंडाच्या हाती सामानाची लांबलचक यादी येते आणि आईबाप गोंधळून जातात. शिवाय या खेळाचा चेंडू खेळ न खेळणाऱ्यांच्या घरात कधीच शिरला आहे. दिवसभर उभे राहून टाच दुखणाऱ्या, वाकून वाकून पाठीत गाठ बसणाऱ्या माणसांच्या तो कामाचा आहे. त्याकडे पुढे येऊच. आधी काठीकडे पाहू, कारण या खेळातली सर्वांत बोलकी वस्तू तीच आहे.

ही काठी उत्तर अमेरिकेच्या मूळ रहिवाशांची. आपल्या जुन्या पाठ्यपुस्तकांत त्यांना 'रेड इंडियन' म्हटलेले असे. ते नाव दुसऱ्यांनी लादलेले, म्हणून आपण ते वापरू नये. मोहॉक, ओनायडा, ओनोंडागा, कायुगा, सेनेका आणि टस्करोरा या सहा जमातींचा मिळून एक संघ आहे. ते स्वतःला होडेनोशोनी म्हणतात, म्हणजे लांब घरात राहणारे लोक. त्यांच्या लेखी हा खेळ केवळ करमणूक नाही, तर औषधही आहे. कोणी आजारी पडले तर त्याच्यासाठी खेळ मांडतात. मुलगा जन्मला की त्याच्या पाळण्यात छोटी काठी ठेवतात आणि माणूस गेला की काठी त्याच्याबरोबर पुरतात.

काठी करायची तर हिकरी नावाच्या चिवट लाकडाच्या झाडापासून. सरळ वाढलेले झाड निवडायचे, ओंडका उभा फोडायचा, वाफेवर नरम करून टोक वाकवायचे, महिनोन्‌महिने वाळू द्यायचे, मग तासून गुळगुळीत करायचे आणि शेवटी जाळी विणायची. ओनोंडागांपैकी आल्फी जॅक्स हे या कामातले नामांकित कारागीर होते. वडिलांच्या हाताखाली शिकले आणि 2023 साली वारले तोवर हेच काम करीत राहिले. सुतारकाम, बुरूडकाम ज्यांच्या घरात झाले आहे त्यांना वेगळे सांगायला नको की अशा वस्तूत किती दिवसांची मजुरी मुरलेली असते.

आता पुढचे ऐका. 1860 च्या दशकात माँट्रियलच्या विल्यम जॉर्ज बीअर्स या दंतवैद्याने खेळाचे नियम लिहून काढले. कातड्याच्या चेंडूच्या जागी रबराचा आणला. क्लब निघाले, संघटना झाली. गोऱ्यांना हा खेळ मूळ रहिवाशांकडूनच मिळाला होता. आणि 1880 साली त्याच संघटनेने मूळ रहिवाशांच्या संघांना आपल्या अजिंक्यपद स्पर्धेतून बाहेर काढले. कारण काय दिले? तर ते 'हौशी' नाहीत, खेळण्याचे पैसे घेतात! दूरच्या गावी सामन्याला जायचे तर भाडे कोठून आणायचे, बुडालेला रोज कोण भरून देणार? ज्याच्या घरी चूल पेटायची काळजी नाही तोच हौशी राहू शकतो. हातातली काठी त्यांची, मैदानावरचे कसब त्यांचे, आणि दारावर पहारा दुसऱ्याचा.

हे प्रकरण जुने म्हणून सोडून देता येत नाही. 2010 साली इंग्लंडमधील मँचेस्टरला विश्वस्पर्धा होती. होडेनोशोनींचा संघ आपल्या स्वतःच्या पासपोर्टवर निघाला होता. ब्रिटनने तो पासपोर्ट मानला नाही. संघ स्पर्धेला मुकला. 2022 च्या जागतिक क्रीडास्पर्धेसाठीही त्यांना आधी वगळले होते, पण आयर्लंडच्या संघाने आपली जागा सोडून त्यांना दिली. अशी उदाहरणे थोडी असतात, म्हणून मुद्दाम नोंदवतो. ऑलिम्पिकसाठी त्यांनी स्वतःच्या झेंड्याखाली खेळण्याची मागणी लावून धरली. समितीचे म्हणणे पडले की अमेरिकेच्या किंवा कॅनडाच्या संघातून या. डिसेंबर 2023 मध्ये अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष बायडन यांनी होडेनोशोनींच्या मागणीला पाठिंबा दिला.

एक गोष्ट मात्र खटकते, ती लपवण्यात अर्थ नाही. पुरुषांच्या लाकडी काठीला बाईने हात लावू नये, अशी त्यांच्यात परंपरेने चालत आलेली समजूत आहे. ज्यांनी वगळले जाणे सोसले त्यांच्याच घरात ही शिवाशिव का, असा प्रश्न आपल्या माता-भगिनींच्या मनात येईल आणि तो यायलाच हवा. पण त्याच समाजातल्या मुलीही काठी घेऊन मैदानात उतरल्या आहेत आणि त्यांचा महिला संघ जागतिक स्पर्धांत खेळतो.

लाकडी काठीचा धंदा कसा बसला तेही पाहण्यासारखे आहे. सेंट लॉरेन्स नदीकाठी अ‍ॅक्वेसास्नी ही मोहॉकांची वस्ती आहे. तेथल्या एका कारखान्यातून जगभरच्या बहुतेक लाकडी काठ्या जात. 1968 साली त्या कारखान्याला आग लागली आणि बाजारात काठ्यांची टंचाई झाली. 1970 साली बाल्टिमोरच्या एसटीएक्स कंपनीने प्लॅस्टिकच्या डोक्याची काठी बाजारात आणली. पुढे दांडाही अ‍ॅल्युमिनियमचा झाला. प्लॅस्टिकची काठी हलकी, एकसारखी, साच्यातून शेकड्याने निघणारी. दोन्ही बाजूंनी सारखी असल्यामुळे उजव्या-डाव्या हाताचा प्रश्नही उरला नाही. खेळ पसरला तो तिच्यामुळे, हे मान्य करावे लागते. विणकराची पोरे यंत्रमागाची हकीकत सांगतील तीही याच जातीची असेल.

आता खरेदीचे बघू. मुलीच्या नावाची यादी असेल तर खर्च पुष्कळ कमी. मुलींच्या खेळात अंगाला अंग भिडवायची बंदी आहे, म्हणून काठी, डोळ्यांचा गॉगल आणि दातांचे कवच एवढ्यावर भागते. मुलाला मात्र जाळीचे हेल्मेट, जाड हातमोजे, छाती-खांद्याचे कवच, कोपरांचे पॅड हे सगळे लागते आणि सारे नवे घेतले तर बिल काही शे डॉलरवर जाते. (एकाच खेळाला दोन नियम कशाला, असा वाद तिकडेही आहे.)

दुकानदार महागडी काठी पुढे करील. घेऊ नये. शिकाऊ मुलाला जाळी विणून तयार मिळणारी साधी काठी चाळीस-पन्नास डॉलरला मिळते आणि पहिली दोन वर्षे तीच पुरते. मुलग्यांची नेहमीची काठी 40 ते 42 इंच, बचाव करणाऱ्याची 52 ते 72 इंच, दहा वर्षांखालील पोरांना 37 इंचीही चालते. मुलींची 35 ते 43 इंचांच्या आसपास. मुलग्याच्या काठीची झोळी पाहायची सोपी रीत आहे. झोळीत चेंडू ठेवून काठी डोळ्यांसमोर आडवी धरावी. चेंडूचा वरचा भाग काठाच्या खालच्या कडेच्याही खाली गेलेला दिसला तर झोळी नियमापेक्षा खोल आहे, दोर आवळून घ्यावेत.

पैसे वाचवायचे ते काठीवर वाचवा, छातीवर नको. हा चेंडू भरीव असतो, वजन सुमारे 145 ग्रॅम. आपल्या सीझन बॉलपेक्षा थोडाच हलका. हृदयाच्या नेमक्या जागी, ठोक्याच्या नेमक्या क्षणी तो आदळला तर निरोगी मुलाचेही हृदय जागच्या जागी बंद पडू शकते. असे मृत्यू झाले आहेत. म्हणून अमेरिकेतील शाळा-महाविद्यालयांत मुलग्यांच्या गोलरक्षकांना 2021 पासून आणि बाकीच्या मुलग्यांना 2022 पासून एका ठरावीक मानकाचे छातीकवच सक्तीचे झाले. त्यावर 'नॉक्सी' या संस्थेचे चिन्ह आणि एनडी200 हा क्रमांक छापलेला असतो. त्याच्या आधीचे जुने कवच कोणी फुकट दिले तरी घालू देऊ नये. कवच असले म्हणजे धोका शून्य झाला असेही नाही. मूल असे कोसळले तर लगेच छाती दाबायला सुरुवात करावी लागते आणि हृदयाला झटका देणारे यंत्र आणावे लागते. ते यंत्र मैदानावर आहे का, हे पालकांनी विचारून घ्यावे. त्यात संकोच कसला?

वाढत्या अंगाचा सदरा शिवायची आपली जुनी सवय. हेल्मेटला ती चालत नाही. भुवयांच्या वर टेपने डोके मोजावे, हेल्मेट घालून मान जोरात हलवावी, ते मागेपुढे सरकले तर मोठे आहे. वापरलेले हातमोजे, कोपरांचे पॅड, काठी खुशाल घ्यावी. वापरलेले हेल्मेट शक्यतो टाळावे, कारण आतल्या फोमने किती मार खाल्ला हे बाहेरून दिसत नाही.

आता चेंडू. व्यास साधारण साडेसहा सेंटिमीटर, म्हणजे टेनिसच्या चेंडूएवढा, पण आत पोकळी नाही. त्यामुळे तो अंगाच्या भाराने चेपत नाही, आणि हाच त्याचा घरगुती उपयोग. खेळून खेळून चेंडू गुळगुळीत झाला की झोळीत नीट धरत नाही, खेळाडू तो टाकून देतात. टाच रगडायला तो उत्तम. अमेरिकेत साधा चेंडू दोन-तीन डॉलरला मिळतो. तीच वस्तू रंगीत डब्यात घालून 'मसाज बॉल' म्हणून जास्त किमतीला विकतात, ते ओळखावे. अंगातले विष बाहेर पडते वगैरे डब्यावर छापलेले असते, ते सोडून द्यावे.

सकाळी उठल्यावर पहिली पावले टाकताना टाचेत कळ येते, चार पावले चालले की कमी होते, ही तक्रार बसवाहकांत, पहारेकऱ्यांत, परिचारिकांत आणि शहाबादी फरशीवर अनवाणी उभ्याने स्वयंपाक करणाऱ्या बायांत नेहमीची. खाटेच्या कडेवर बसून चेंडू तळव्याखाली घ्यावा आणि टाचेपासून बोटांपर्यंत सावकाश फिरवावा, एका पायाला एक-दोन मिनिटे. दुखरी जागा सापडली तर तेथे वीस-तीस सेकंद बेताने दाब द्यावा, श्वास रोखू नये. त्याबरोबर भिंतीला हात लावून पोटरीला ताण द्यावा आणि घरातही मऊ तळाची चप्पल घालावी. नुसत्या चेंडूने काही वेळ मोकळे वाटते, आजार जात नाही.

पाठीसाठी चेंडू लांब मोज्यात घालावा, मोज्याचे टोक खांद्यावरून हातात धरावे आणि भिंतीला टेकून उभे राहावे. चेंडू खाली पडत नाही आणि हव्या त्या जागी सरकवता येतो. शिलाई मशीनवर बसणाऱ्यांच्या खवाट्याजवळ जी गाठ होते तिला हे बरे पडते. जमिनीवर चेंडू ठेवून त्यावर आडवे होण्याची घाई करू नये, सगळे वजन एका जागी येते. मणक्यावर चेंडू कधीच दाबायचा नाही. दोन चेंडू एका मोज्यात घालून गाठ मारली की मधल्या खाचेत मणका मोकळा राहतो आणि दोन्ही बाजूंचे स्नायू दबतात. शिवणकामाने, झाडूकामाने आखडलेला पंजा टेबलावरच्या चेंडूवर टेकवून फिरवला तरी चालतो.

ज्यांना हा दाब सोसत नाही त्यांनी टेनिसच्या चेंडूने सुरुवात करावी. गल्ली क्रिकेटचा पोकळ रबरी चेंडू चपटा होतो, सीझन बॉलची शिवण टोचते.

मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांनी हा प्रयोग करूच नये. जखम झाली तरी त्यांना कळत नाही. पोटरी एकाएकी सुजली, गरम लागू लागली तर तेथे चोळू नये, दवाखाना गाठावा, आत रक्ताची गुठळी असू शकते. कंबरेतून पायात मुंग्या येत असतील, पायातला जोर कमी होत असेल तर तो चेंडूचा विषय नाही. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेणारे, हाडे ठिसूळ झालेले वृद्ध आणि गरोदर बाया यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. शेजारच्या बाईला बरे वाटले म्हणून आपल्यालाही वाटेल, असे नसते.

कुत्र्यालाही हा चेंडू चावायला देऊ नये, दात तुटतात. तिकडे काही जण जुन्या काठीच्या झोळीतून कुत्र्यासाठी टेनिसचा चेंडू लांब फेकतात, ते ठीक.

वापरून झाला की चेंडू साबणाने धुवावा आणि जमिनीवर तसाच सोडू नये. एका खोलीच्या घरात रात्री कोणी पाण्याला उठले आणि त्यावर पाय पडला तर माणूस आडवा होईल. डब्यात ठेवावा, किंवा मोज्यासकट खुंटीला टांगावा.